वाळूगावचा मुक्काम

"तिथे बघण्यासारखं काय आहे?"

प्रवासाचा विषय निघाला की मराठी घरात पहिला प्रश्न हाच येतो. देऊळ आहे, किल्ला आहे, धबधबा आहे असे उत्तर मिळाले की बेत पक्का होतो. मग पुढचा प्रश्न, इतक्या दिवसांत ठिकाणे किती? सहलीच्या कंपन्यांची पत्रकेही याच हिशेबाने छापलेली असतात. सहा रात्री, सात दिवस, नऊ स्थळे! पहाटे पाचला चहा, सहाला बस आणि रात्री मुक्कामाला पोचेपर्यंत पायांचे तुकडे. घरी परतल्यावर शीण घालवायला आणखी दोन दिवस रजा काढावी लागते, ती गोष्ट वेगळीच.

आता अशा घरात एखाद्या दिवशी बंगळुरूहून लेकीचा फोन येतो. "आई, दहा दिवसांची रजा मिळाली आहे. पाठीवर एक सॅक घेऊन श्रीलंकेला जाते आहे. एकाच गावात राहणार. तिथे बघण्यासारखं फारसं नाही गं. समुद्र आहे आणि लाटा आहेत."

आई क्षणभर गप्प होते. मग म्हणते, "अगं, समुद्र तर गणपतीपुळ्यालाही आहे. त्यासाठी परदेशात कशाला?" मागून बाबांचा आवाज येतो, "आणि दहा दिवस तिथे करणार काय?"

बंगळुरूत नोकरी करणाऱ्या मुलामुलींच्या घरी हा संवाद आता नवलाचा राहिलेला नाही. आईबाबांचे प्रश्नही चुकीचे नाहीत. म्हणूनच या मुक्कामाची नीट ओळख करून घ्यायला हवी.

डोंगरावरचे शहर, समुद्राची ओढ

बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले आहे. मंगळुरूचा किनारा तिथून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. हवा छान, झाडे भरपूर, पण समुद्र नाही. सांगली, कोल्हापूर, पुणे, नागपूर अशा गावांहून आलेली मराठी मुले व्हाइटफील्ड किंवा इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करतात. सिल्क बोर्ड चौकातल्या गर्दीत त्यांच्या आयुष्यातले तासन् तास जातात. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'इन्फोसिस'चे संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे मत मांडले, तेव्हा देशभर वाद झाला. बंगळुरूत हा वाद थेट जेवणाच्या डब्याभोवती झडला असणार, कारण तिथल्या अनेकांचे घड्याळ आधीच तसे चाललेले असते.

अशा घड्याळाला जुंपलेल्या माणसाला रजेतही नऊ स्थळांची यादी दिली, तर तो नोकरीसारखीच रजा 'पार पाडतो'. यादीतले एकेक नाव खोडतो, छायाचित्र काढतो आणि पुढे पळतो. पाठीवर पिशवी टाकून फिरणाऱ्या जगभरच्या तरुणांनी यावर एक साधा उपाय फार पूर्वीच शोधला. लांबच्या भटकंतीत एखादे लहानसे समुद्रकाठचे गाव गाठायचे आणि तिथे पिशवी उतरवून चांगले आठ-दहा दिवस राहायचे. सकाळी लाटांवर फळी घेऊन जायचे, उरलेला दिवस काही न करता घालवायचा. लाटेवर फळीवर उभे राहून किनाऱ्याकडे येण्याचा हा खेळ म्हणजे सर्फिंग. मूळचा तो हवाई आणि पॅसिफिक महासागरातल्या इतर बेटांचा. टोकियो ऑलिम्पिकमध्ये, म्हणजे प्रत्यक्षात २०२१ साली, तो प्रथमच ऑलिम्पिकमध्ये आला.

असे गाव शोधायला बंगळुरूच्या माणसाला हवाईला जायला नको. विमानाने सुमारे दीड तासात कोलंबो आणि तिथून दक्षिणेला तीन तासांवर वेलिगम!

नावातच आपलेपणा

वेलिगम हे नाव कानाला परके वाटते. पण सिंहली भाषेत 'वेलि' म्हणजे वाळू आणि 'गम' म्हणजे गाव. वेलिगम म्हणजे चक्क आपले वाळूगाव! सिंहली ही मराठीसारखीच संस्कृत-प्राकृताच्या कुळातली भाषा आहे. तमिळ, मलयाळम आणि कन्नड मुलूख ओलांडून पलीकडे गेल्यावर ही चुलत बहीण भेटते. तीनला 'तुन', साताला 'हत', आठाला 'अट', समुद्राला 'मुहुद', दाताला 'दत'. आभार मानायला 'इस्तुति' म्हणतात, म्हणजे आपली स्तुती. भेटल्यावर हात जोडून 'आयुबोवन' म्हणतात, त्यात दीर्घायुष्याची इच्छा आहे. दहा दिवस एकाच गावात राहणाऱ्याला हे शब्द आपोआप समजू लागतात. नऊ स्थळे पाहणाऱ्याच्या कानावर ते पडतात खरे, पण थांबत नाहीत.

कोलंबोच्या फोर्ट स्थानकावरून गाल्ल आणि मातरकडे जाणारी आगगाडी पकडावी. दक्षिणेला जाताना उजव्या हाताची खिडकी मिळाली तर भाग्यच! काही ठिकाणी रूळ समुद्राच्या इतके जवळून जातात, की लाटांचे तुषार डब्यात येतील असे वाटते. घाई असणाऱ्यांसाठी द्रुतगती महामार्ग आहे. पण इथे मुळात घाईच सोडायला निघालेलो असतो, तेव्हा गाडीच बरी.

गाव एका रुंद, अर्धगोल उपसागराच्या काठी आहे. किनाऱ्याला अगदी लागून तप्रोबेन नावाचे इवलेसे बेट आहे. तिथला बंगला १९२०च्या दशकात काउंट द मोनी या युरोपीय गृहस्थाने बांधला. पुढे अमेरिकन लेखक पॉल बोल्स याने ते बेट विकत घेतले. गावातच खडकात कोरलेली एक प्राचीन मूर्ती आहे. अभ्यासक तिला बोधिसत्त्वाची मूर्ती मानतात. गावकरी मात्र 'कुष्टराजा'ची गोष्ट सांगतात. त्वचेच्या रोगाने पछाडलेला एक राजा इथे आला, तीन महिने केवळ शहाळ्याच्या पाण्यावर राहिला आणि बरा झाला, अशी ती कथा. एकाच जागी थांबून बरे होण्याची या गावाची परंपरा जुनी दिसते!

लाट कुठून येते?

वेलिगमच्या दक्षिणेला अंटार्क्टिकापर्यंत मध्ये जवळजवळ जमीनच नाही. हिंदी महासागराच्या त्या थंड, वादळी टोकाला सतत जोराचे वारे वाहतात. वारा पाण्यावर घासतो, पाण्याला आपली शक्ती देतो आणि तिथे लाटा जन्म घेतात. त्या हजारो किलोमीटर प्रवास करतात. गंमत अशी, की हा प्रवास पाण्याचा नसतो, शक्तीचा असतो. पाणी जागच्या जागी वरखाली होते, पुढे जाते ती हालचाल. शेतातल्या उभ्या गव्हावरून वाऱ्याची लहर जावी, पण गहू तिथेच राहावा, तसे.

ही लहर उथळ पाण्यात आली की तिचा तळ समुद्राच्या तळाला टेकू लागतो. खालचा भाग अडखळतो, मागून येणारे पाणी वर चढते, लाट उंच होते आणि फुटते. तळ अचानक उथळ झाला तर ती धाडकन कोसळते. तळ हळूहळू चढत गेला तर लाट सावकाश, लांबवर फुटत येते. वेलिगमच्या उपसागराचा तळ वाळूचा आणि हळूहळू चढत जाणारा आहे. म्हणून तिथल्या लाटा नवशिक्याला सांभाळून घेतात. जवळच्याच मिदिगमसारख्या ठिकाणी तळाला खडक आणि प्रवाळ आहेत. ती जागा मुरलेल्यांची. नवख्याने तिथे काठावरून पाहावे.

हंगामाचे गणितही सोपे आहे. श्रीलंकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्याला साधारण नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ चांगला. पावसाळा सरलेला असतो, वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि लाटांना जणू इस्त्री करतो. मे ते ऑक्टोबर तिकडचा समुद्र खवळलेला असतो. तेव्हा हीच मंडळी पूर्व किनाऱ्यावरच्या अरुगम बे या गावाकडे वळतात. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्यावर कोळीबांधव होड्या पाण्यात लोटतात. समुद्राची वेळ पाहून आपली वेळ ठरवायची, ही समजूत दोन्हीकडे एकच.

फळीवरचे पहिले दिवस

पहिला धडा पाण्यात नसतो, वाळूवर असतो. वाळूत फळीवर पालथे झोपायचे. दोन्ही हातांनी वल्हवल्यासारखे करायचे. मग छातीजवळ तळवे टेकून एका झटक्यात उभे राहायचे. पाय आडवे, गुडघे वाकलेले, नजर समोर. ऐकायला किती सोपे! पस्तिशीच्या आतले, पण रोज दहा तास खुर्चीत बसणारे शरीर तिसऱ्या वेळीच कुरकुरू लागते.

नवशिक्यांची फळी लांब, रुंद आणि वरून मऊ असते. तिला बांधलेली दोरी घोट्याला अडकवतात, म्हणजे पडल्यावर ती दूर वाहून जात नाही. कमरेइतक्या पाण्यात शिक्षक फळी धरून उभा राहतो. फुटलेल्या लाटेचा पांढरा फेस आला की तो फळी ढकलतो आणि ओरडतो, "उठा!" नवशिका उठतो. म्हणजे, उठायला जातो आणि नाकातोंडात खारे पाणी घेऊन तळाच्या वाळूला भेटून येतो. असे दहा वेळा, वीस वेळा. पायाकडे पाहिले की पडणार, ताठ उभे राहिले की पडणार, घाबरून गुडघ्यावर बसले तरी पडणार.

यातच या मुक्कामाचे मर्म आहे. कार्यालयात ज्याच्या हाताखाली दहा माणसे काम करतात, ज्याचे काम चुकले तर बैठक बसते, त्याला इथे दिवसातून पन्नास वेळा चुकता येते. कोणी हसत नाही, कारण शेजारचाही पडतच असतो. वर्षाअखेरीला कोणी गुण देत नाही. लाटेला तुमचा हुद्दा ठाऊक नसतो आणि ती तुमच्यासाठी थांबतही नाही. पुढची लाट कधी येईल, हे मात्र शांतपणे बसून पाहावे लागते. फोन किनाऱ्यावर, नजर क्षितिजावर. माणूस सलग अर्धा तास फक्त पाण्याकडे पाहत बसला, असे शहरात अलीकडे कधी घडले होते?

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कधीतरी ते जमते. दोन पाय फळीवर, फळी लाटेवर आणि किनारा आपल्याकडे येतो आहे! सारे मिळून पाच-सहा सेकंद. पण त्या सेकंदांसाठी माणूस पुन्हा वळतो आणि पाण्यात शिरतो.

उरलेला दिवस

सकाळचे दोन तास पाण्यात गेले की भूक अशी लागते, की समोर येईल ते गोड लागावे. नारळाच्या दुधातले आप्पे, म्हणजे दक्षिणेतल्या अप्पमचे भाऊबंद. वरण म्हणून 'परिप्पु'. आणि 'पोल सांबोल', म्हणजे ओले खोबरे, लाल मिरची, कांदा आणि लिंबाची झणझणीत चटणी. कोकणी माणसाला पहिल्याच घासाला माहेर आठवेल. शाकाहारी मंडळींनी मात्र आधी विचारून घ्यावे, कारण या चटणीत आणि बऱ्याच भाज्यांत सुक्या मासळीचा चुरा घालतात. तहानेला 'तंबिली', म्हणजे केशरी रंगाचे शहाळे.

दुपारी झोप. झोपेनंतर पुस्तक. पुस्तक हातातून गळून पडले तर पुन्हा झोप! चार वाजता किनाऱ्यावर फेरी मारावी. तिथे बाजूला ओंडका बांधलेल्या होड्या दिसतात. मालवणकडच्या माणसाला ही उलांडीची होडी लगेच ओळखू येते. फिरावेसे वाटलेच तर मिरिस्स जवळ आहे. तिथून हंगामात निळे देवमासे पाहायला बोटी जातात. गाल्लचा किल्ला पोर्तुगीजांनी सुरू केला आणि डचांनी बांधून पुरा केला. १९८८पासून तो जागतिक वारशाच्या यादीत आहे. वाटेत कोग्गल लागते. थोर सिंहली कादंबरीकार मार्टिन विक्रमसिंह यांचा जन्म १८९० साली याच परिसरात झाला. तिथे त्यांच्या घराभोवती लोकजीवनाचे संग्रहालय उभे आहे. त्यांच्या गाजलेल्या 'गम्पेरळिय' कादंबरीचा विषयच मुळी जुन्या गावात होणारी उलथापालथ हा आहे. कोग्गलच्याच किनाऱ्यावर समुद्रात रोवलेल्या काठीवर बसून मासे पकडणारे कोळी दिसतात. आता त्यांतले बरेचजण मासळीपेक्षा छायाचित्राच्या पैशांवर घर चालवतात. उलथापालथ अजून संपलेली नाही.

गावाची बाजू

आपल्या विश्रांतीचे गाव हे कुणाच्या तरी रोजीरोटीचे गाव असते, हे विसरून चालणार नाही. २६ डिसेंबर २००४ रोजी याच शांत दिसणाऱ्या समुद्राने हा सारा किनारा धुऊन नेला. त्सुनामीत श्रीलंकेत ३० हजारांहून अधिक माणसे गेली. याच लोहमार्गावर हिक्कडुवजवळच्या पेरलिय इथे 'समुद्रदेवी' नावाची आगगाडी लाटेखाली सापडली आणि एक हजाराहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. गाडीच्या उजव्या खिडकीतून समुद्राचे कौतुक करताना तिथे क्षणभर हात जोडावेत.

गावे पुन्हा उभी राहिली. मग एप्रिल २०१९ मध्ये ईस्टरच्या दिवशी बॉम्बस्फोट झाले आणि पर्यटक परतले. २०२०मध्ये साथ आली. २०२२मध्ये देशाची तिजोरीच रिकामी झाली. पेट्रोलसाठी दिवसच्या दिवस रांगा लागल्या. ज्यांचे पोट पाहुण्यांवर, त्यांचे काय झाले असेल याची कल्पना करता येते. २०२४ साली मात्र २० लाखांहून अधिक परदेशी पर्यटक श्रीलंकेत आले. त्यांत सर्वाधिक भारतीय होते.

म्हणूनच कुठे राहायचे, याला अर्थ आहे. किनाऱ्यावरच्या बड्या हॉटेलाऐवजी एखाद्या कुटुंबाने चालवलेल्या घरात खोली घेतली, गावातल्याच पोराकडून फळी भाड्याने घेऊन त्याच्याकडूनच शिकलो, कोपऱ्यावरच्या खाणावळीत जेवलो, तर पैसा त्याच गल्लीत राहतो. एकाच गावात दहा दिवस राहणाऱ्याला तिसऱ्या दिवसापासून नावाने हाक मारतात. पाचव्या दिवशी चहाचे पैसे 'उद्या द्या' म्हणतात. परदेशात उधारी मिळणे हा मान नऊ स्थळांच्या यादीत बसत नाही.

पाहुण्यानेही पाहुण्यासारखे वागावे. पोहण्याचे कपडे किनाऱ्यावरच ठेवावेत, बाजारात आणि विहारात अंग झाकून जावे. बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढणे तिथे अपमानाचे मानतात. पौर्णिमेला, म्हणजे 'पोय'च्या दिवशी, सुट्टी असते आणि मद्यविक्री बंद असते.

आईबाबांच्या प्रश्नांची उत्तरे

"एकटीच जाणार?" या प्रश्नामागची काळजी खरी आहे. एकट्या मुलीने राहण्याची जागा आधीच ठरवावी आणि तिथे राहून आलेल्या स्त्रियांचे अनुभव जरूर विचारावेत. कोलंबोला रात्री उशिरा उतरावे लागत असेल, तर पहिला मुक्काम विमानतळाजवळच करावा. अंधार पडल्यावर सुनसान किनाऱ्यावर फिरू नये. घराचा पत्ता आणि घरमालकिणीचा फोन आईकडे असावा. दिवसातून एकदा ठरल्या वेळी फोन करावा, मग उरलेला दिवस दोघींनाही स्वस्थता. पर्यटक पोलिसांचा क्रमांक १९१२ आहे. रुग्णवाहिकेसाठी १९९० फिरवावा. 'सुवसेरिय' नावाची ही मोफत सेवा २०१६ साली भारताच्या मदतीने सुरू झाली, हे ऐकून आईला थोडा धीर येईल.

"बुडालीस तर?" हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. पोहता येत नसेल तर आधी शहरातल्या तरणतलावावर दोन महिने घालवावेत आणि मगच तिकीट काढावे. तलावात पोहता आले म्हणजे समुद्र आला, असेही नाही. समुद्रात किनाऱ्याकडून आत ओढणारे प्रवाह असतात. लाटांच्या पांढऱ्या फेसात मध्येच एखादा शांत, गडद पट्टा दिसला, तर ती शांतता फसवी असते. पाणी तिथून आत परतत असते. अशा प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये, कारण दमछाक होऊन माणसे बुडतात ती तिथेच. घाबरू नये, तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी आणि शक्य असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाच्या बाहेर पडावे. फळी कधी सोडू नये. ती बुडत नाही. लाल निशाण असताना, एकट्याने किंवा मद्य घेऊन पाण्यात शिरू नये. पडताना डोक्यावर सूर मारू नये. वर येताना हातांनी डोके झाकावे, कारण आपलीच फळी आपल्याला लागते. आणि फळी कधी आपल्या व लाटेच्या मध्ये आडवी धरू नये.

"खर्च किती?" एका भारतीय रुपयाला तीनाहून अधिक श्रीलंकन रुपये मिळतात. त्यामुळे तिथल्या किमतींचे मोठे आकडे पाहून दचकू नये. एकाच गावात राहिल्याने रोजचे गाडीभाडे वाचते, आठवड्याची खोली घेतल्यास भाव कमी होतो. प्रवासाची परवानगी आधी ऑनलाइन घ्यावी लागते. तिचे नियम गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले, म्हणून तिकिटाआधी सरकारी संकेतस्थळ पाहावे. विमा काढताना त्यात पाण्यातले खेळ धरले आहेत का, हे बारीक अक्षरात शोधावे. तिथे स्कूटर चालवायला केवळ भारतीय परवाना पुरत नाही. तात्पुरती स्थानिक परवानगी घ्यावी, नाहीतर रिक्षा आहेच.

सॅकमध्ये काय न्यावे? दोन लांब बाह्यांचे पोहण्याचे सदरे, उन्हाचे मलम, एक पातळ पंचा, नेहमीची औषधे आणि एक जाड पुस्तक. बाकी काही लागत नाही.

आधी घरचा समुद्र

सर्वांत शहाणपणाचा मार्ग म्हणजे परदेशाआधी मुल्कीला जाऊन येणे. मंगळुरूच्या उत्तरेला सुमारे ३० किलोमीटरवर, शांभवी नदीच्या मुखाशी हे लहान गाव आहे. कोकण रेल्वेवर त्याचे स्थानक आहे, म्हणजे रत्नागिरी-कुडाळहूनही जाता येते. बंगळुरूहून मंगळुरूपर्यंत रात्रीची गाडी आहे. 'सर्फिंग स्वामी' म्हणून ओळखले जाणारे मूळचे अमेरिकन जॅक हेबनर यांनी इथल्या आश्रमातून मंत्र सर्फ क्लब सुरू केला आणि भारतातल्या सर्फिंगची पाळेमुळे या गावात रुजली. जवळच्या ससिहित्लू किनाऱ्यावर २०१६ साली राष्ट्रीय पातळीवरची स्पर्धाही झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलिपुरमच्या आशियाई स्पर्धेत रमेश बुदिहाळ याने कांस्यपदक मिळवले. या स्पर्धेत वैयक्तिक पदक मिळवणारा तो पहिला भारतीय. त्याचे कुटुंब मूळचे कर्नाटकातले, तो वाढला केरळच्या कोवळम किनाऱ्यावर.

तेव्हा शनिवार-रविवार जोडून मुल्कीला दोन धडे घ्यावेत. समुद्राशी आपले जमते का, हे कमी खर्चात कळते. भीती वाटली तर तीही घरच्याच किनाऱ्यावर. जमले तर पुढे वाळूगाव आहेच.

आणि हा मुक्काम केवळ विशी-तिशीतल्यांचा, असे समजण्याचे कारण नाही. आईबाबांनीही लेकीबरोबर जायला हरकत नाही. फळीवर उभे राहायलाच हवे असे कुठे आहे? पायाशी लाट, हातात शहाळे आणि समोर पन्नासाव्यांदा पडून पुन्हा उठणारी आपली मुलगी! तिला शाळेच्या परीक्षेत पहिली आलेली अनेकदा पाहिली. हसत हसत नापास होताना आणि तरीही पुन्हा पाण्यात शिरताना बहुधा प्रथमच पाहायला मिळेल. घरी परतल्यावर शेजारणीने विचारलेच, "तिथे बघितलंत काय?" तर सांगायला तेवढे पुरे आहे.